गोंदण काढा

मुंबई नाक्याजवळ एका तळघरात
आमचं फ्लेक्सचं दुकान.
मशीन रात्री दीडपर्यंत चालतं,
शाईचा वास केसांत बसतो, शिकेकाईनंही जात नाही.
मी डिझायनर.
म्हणजे बायका गोऱ्या करते.

नऊ वर्षं झाली.
सराफाची नववधू, क्लासवाल्यांची हसरी पोरगी,
सिमेंटच्या पोत्याला रेलून उभी असलेली ती,
तिचं सिमेंटशी काय नातं
हे मी कधी विचारलं नाही,
कंबर तेवढी दोन बोटं आत घेतली.
बाप्यांचं वेगळं.
वाढदिवसाच्या भाऊंचं पोट आहे तसं ठेवायचं.
बागूलशेठ सांगतात, पोट म्हणजे वजन.

माझा स्वतःचाही एक फोटो मी केला होता,
स्थळांना पाठवायला.
तो पाहून चार जण घरी आले
आणि पोहे खाऊन गेले.

तर फेब्रुवारीत
दिंडोरी रोडचे द्राक्षवाले आले.
पेनड्राइव्हमध्ये एकच फोटो:
मांडवाखाली बाई, हातात कात्री, डोक्यावर घडच घड.
"खरी कामगार आहे बरं का, मॉडेल नाही."
किती अभिमानानं म्हणाले.
मग म्हणाले, जरा फ्रेश करा.
हात उजळ करा.
गोंदण काढा. पेटीवर बाहेरदेशी जाणार आहे.

चारशे टक्के झूम केलं.
एक विंचू. तीन ठिपके.
एक अक्षर, ज असावं,
नाहीतर सुई घसरली असेल.
नखांत हिरवट काळं,
अंगठ्याशी तांदळाएवढा व्रण.
डाग बुजवायला तिचीच कातडी घ्यायची असते,
शेजारची, रिकामी.
दुसरा हात पाहिला, तिथे गोंदण.
कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण.
एवढ्या अख्ख्या बाईत
मला बोटभर कोरी जागा मिळेना.

शेवटी सराफाच्या नववधूचा हात कापला
आणि हिच्या कोपराला जोडला.
मेंदी पुसली.
सांधा कुणाला दिसला नाही.
मी काम चांगलं करते.

द्वारकेला चौकात लागलं, चाळीस बाय वीस.

बुधवारच्या बाजाराला आलेली बाई
पत्ता विचारत तळघरात उतरली.
पवळी भोये, पेठकडची.
भांडायला नव्हती आली.
स्टुलावर बसली, पाणी प्यायली, म्हणाली,
"तोंड माझं हाय. हात कोनाचा?"

मशीन खडखडत होतं.
मी म्हटलं, शेठ बाहेर गेलेत.

ती आपल्याच हाताकडे बघत बोलत राहिली.
विंचू आईनं काढून घेतला होता, नऊ वर्षांची असताना,
चौघींनी धरलं होतं तिला.
"मेल्यावर यवढंच संगं येतं, बाकी समदं हितंच."
मग थोडं थांबून,
"वर ती गेली तर तिला कोन वळखंल?"

फाईल उघडली.
मी काहीच पुसून टाकत नाही खरं तर,
लेयरचा डोळा बंद करून ठेवते फक्त.
सवय म्हणा, किंवा भीती, शेठ कधीही मत बदलतात.
डोळा उघडला.
विंचू आला. ठिपके आले.
पवळीनं पडद्याजवळ बोट नेलं
आणि न लावता मागे घेतलं.

उरलेल्या तुकड्यावर तिचा हात छापला,
कोपरापासून नखांपर्यंत, नखांतल्या काळ्यासकट.
"किती झालं?"
मी काही नाही म्हटलं तर ती उठेना.
वीस रुपये घेतले.
गुंडाळी काखेत मारून
ती निमाणीच्या रिक्षात बसली.

जाहिरात तीन आठवडे होती.
मार्चच्या उन्हात
ती मेंदी पुसलेली नवरी
द्वारकेवर एका हातानं द्राक्षं तोडत होती.
खालून जाताना मी वर बघायची नाही.

परवा सराफ परत आले.
नवा हंगाम, तीच वधू.
म्हणाले, हातावर काहीतरी
पारंपरिक टाका ना, गोंदणासारखं.
सध्या चालतं.